पडदे काढले आणि आस गेली: पोलादी पाटीच्या गिटारबद्दल

डिचोलीहून आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या जुन्या अकूस्टिक गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवरचे धातूचे पडदे, तुम्ही काढले, खाचा भुसा आणि गोंद भरून बुजवल्या, कारण भजनात साथ करताना मींड घ्यायची होती, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकायचं होतं. मींड येते, पण स्वर टिकत नाही, 'ठक' होऊन विझतो. वरच्या दोन बारीक तारा तर मुक्याच झाल्या. मानेवर बोटांखाली काचेची किंवा स्टीलची पाटी बसवली तर फरक पडेल का, ती बसवायची कशी, आणि फ्रेट नसताना सूर नेमका सापडायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

फरक पडेल, आणि चांगला पडेल. पण पत्रा आणायला धावण्याआधी आस, म्हणजे छेडल्यावर स्वराचं टिकून राहणं, जाते कुठे हे समजून घ्या. पाटी बदलूनही निम्मी वाट तुमच्या डाव्या हाताला चालायची आहे. मी फोंड्याजवळ गेली सव्वीस वर्षं वाद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. तंबोरे, पेट्या, सासष्टीतून येणारी व्हायोलिनं, असं सगळं. बिनपडद्याच्या गिटारी आजवर अकरा बांधल्या. त्यातल्या चार पोलादी पाटीच्या, एक काचेची, बाकी लाकडी पाटीच्या. खाली लिहितोय ते त्या अकरांतून शिकलेलं आहे.

फ्रेट असलेल्या गिटारवर तुमचं बोट तार दाबतं, पण तार थांबते ती धातूच्या फ्रेटवर. बोट फ्रेटच्या मागे असतं, वाजणाऱ्या तुकड्याला त्याचा स्पर्शच नसतो. फ्रेट काढलात की तारेचं एक टोक ब्रिजवर, म्हणजे पोटावरच्या घोडीवर, राहतं आणि दुसरं थेट तुमच्या बोटाखाली येतं. बोटाचं पेर मऊ, गादीसारखं. त्याचा थोडा भाग दाबाच्या जागेच्या पुढे तारेवर पसरतो आणि कंपन पिऊन टाकतो. त्यातही बारीक, तीव्र कंपनं आधी जातात, म्हणून आवाज घुमा होतो. पहिली तार पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, ती मांसात पूर्ण रुतते. म्हणून वरच्या तारा मुक्या. यात तुमच्या गिटारचा दोष नाही.

शेजारी कुणाकडे व्हायोलिन असेल तर एक प्रयोग करा. आपल्या गोव्यात ते अवघड नाही. गज बाजूला ठेवा, एका हाताच्या बोटाने तार दाबा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने छेडा. तोच 'ठक' ऐकू येईल. व्हायोलिनलाही पडदे नाहीत, तिथेही तार मऊ बोटावरच संपते. पण गज प्रत्येक क्षणी नवी ताकद पुरवत राहतो म्हणून स्वर चालू राहतो. गिटारला एकच छेड मिळते, आणि तेवढ्यावर सगळं भागवायचं असतं. म्हणून बिनपडद्याच्या गिटारमध्ये कंपनाची उधळपट्टी जिथे जिथे थांबवता येईल तिथे थांबवायची. पाटी कठीण करायची, तार पाटीला जवळ आणायची, आणि मऊ पेराऐवजी नख वापरायचं.

हा शोध आपल्या संगीतात आधीच लागलेला आहे. सरोद बघा. अफगाणी रबाबाला लाकडी पाटी आणि आतड्याच्या तारा होत्या. एकोणिसाव्या शतकात त्याचं सरोद होताना तारा धातूच्या झाल्या आणि पाटीवर चकचकीत पोलादी पत्रा चढला. सरोदिये डाव्या हाताच्या नखाने तार दाबतात ते यासाठीच. कठीण पत्रा आणि कठीण नख यांच्या चिमटीत तार सापडली की तिला जवळजवळ फ्रेटसारखं टोक मिळतं. गिटारवाल्यांनीही आपापल्या वाटेने हेच गाठलं. तुर्कस्तानच्या एर्कान ओउर यांनी १९७६ साली नायलॉन तारांची बिनपडद्याची गिटार बनवली. अमेरिकेचे नेड एव्हेट काचेच्या पाटीवर वाजवतात. फ्रान्सची व्हिजिए कंपनी धातूच्या पाटीची गिटार बनवते. जॅको पास्टोरियस यांनी आपल्या बास गिटारच्या लाकडी पाटीवर नावेला लावतात तसला इपॉक्सीचा थर चढवला होता. सगळ्यांची धाव कठीणपणाकडेच.

फक्त मींडच हवी असेल तर एक सोपी वाट आहे, तीही सांगून ठेवतो. गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची, जशी ब्रिजभूषण काब्रा वाजवत आणि विश्वमोहन भट्ट मोहनवीणेवर वाजवतात. कांडी कठीण, त्यामुळे आस भरपूर, आणि पाटीचा प्रश्नच उरत नाही. पण बोटाचं गमक, दोन स्वरांमधला झटका, एका बोटावरून दुसऱ्यावर उडी मारणारी तान हे कांडीने वेगळ्याच चालीने येतं. तुम्हाला बोटांनीच वाजवायचंय असं तुमच्या पत्रावरून वाटलं, म्हणून पुढचं लिहितो.

पाटी कशाची करायची? लाकडात शिसव उत्तम, खैरही टणक, पण लाकूड ते लाकूड. नायलॉन तारा लावणार असाल तर शिसवी पाटीचा आवाज गोड, थोडा आखूड, ओलसर येतो आणि मला तो आवडतो. स्टीलच्या गुंडाळलेल्या तारा मात्र लाकडाला करवतीसारख्या खातात. वर्षभरात सा आणि प च्या जागी चरे पडतात. सनमायका हा स्वस्तातला प्रयोग आहे. एक मिलिमीटरचा गुळगुळीत तुकडा चिकटवला तर लाकडापेक्षा आवाज स्पष्ट होतो. तो फार काळ टिकत नाही, पण हात बसवायला पुरेसा आहे.

काचेचा आवाज सगळ्यात सुंदर, हे मी मान्य करतो. बोट तिच्यावर पाण्यावरून गेल्यासारखं जातं. पण मान तारांच्या ताणाने केसभर तरी वाकते आणि काच वाकायला तयार नसते. माझी काचेची पाटी दुसऱ्याच महिन्यात गेली. सगळ्या तारा एकदम सैल करून नव्या चढवत होतो, मानेचा ताण सुटला, पुन्हा आला, आणि सातव्या फ्रेटच्या जागी आडवी चीर गेली. नशिबाने काच गोंदाला धरून राहिली. तेव्हापासून मी तारा एकेक करून बदलतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला काच मी सुचवत नाही. करायचीच असेल तर कडा काचवाल्याकडून घासून गोल करून घ्या. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं करा.

तुमच्यासाठी पोलाद. आणि पोलादातही ३१६ नंबरचं स्टेनलेस मागा. स्वयंपाकघरातलं नेहमीचं ३०४ असतं. आपल्या खाऱ्या हवेत, त्यात बोटांच्या घामाने, ३०४ वर चहाचे डाग पडावेत तसे तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला पुरून उरतं. औद्योगिक वसाहतीत लेझरवर पत्रा कापून देणारे असतात, त्यांच्याकडूनच कापून घ्या. मोठ्या कातरीवर कापलेल्या पट्टीची कड मुरडते आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

आता कामाचा क्रम. तुम्ही फ्रेट पक्कडीने ओढून काढले असणार, म्हणजे खाचांच्या कडांचे ढलपे निघाले असतील. पुढच्या वेळी फ्रेट आधी सोल्डरिंग आयर्नने तापवा, जुना गोंद सैल होतो, मग हळूहळू उचला. भुसा-गोंदाने भरलेल्या खाचा मला पसंत नाहीत, कारण त्या दबतात. पुन्हा कोरून काढा आणि फणसाच्या किंवा शिसवीच्या लाकडाच्या पातळ चिपा गोंद लावून ठोका. मानेला खाचा म्हणजे कापलेल्या जागा. त्या घट्ट भरल्या नाहीत तर ताणाखाली मान पुढे झुकते.

स्टीलच्या तारांच्या गिटारची पाटी वरून किंचित गोल असते, साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर त्रिज्येची. सपाट पत्रा तिच्यावर बसणार नाही. पत्रा त्या गोलाईत रोल करून घेता येतो, पण घरच्या कामात ते नीट जमत नाही, कडा उचलतात. मी पाटीच सपाट करतो. एका बाजूला कुणी मदतीला धरायला हवा. कडप्प्याचा हातभर लांब, नीट सरळ तुकडा घ्यायचा, त्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि लांबीच्या दिशेने घासत जायचं. मग १२०. दर पाच मिनिटांनी स्टीलची फूटपट्टी उभी ठेवून दिव्यासमोर बघायचं, खालून उजेडाची रेघ दिसता कामा नये. या कामाला मला एक अख्खी सकाळ लागते आणि मी ती लागू देतो. इथे राहिलेला अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा पत्रा लपवत नाही. तो पुढे तारेची कुरकुर होऊन बोलतो.

सपाट करताना मध्यभागी साधारण १ मिलिमीटर लाकूड जातं, आणि फ्रेटची १ मिलिमीटर उंची तर आधीच गेलेली. म्हणून १.५ मिलिमीटरचा पत्रा घ्या. उरलेला अर्धा मिलिमीटर ब्रिजवरच्या सॅडलमधून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, घासून कमी करा, आणि सॅडलचा माथाही पाटीसारखाच सपाट करा. नटाकडे, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीकडे, ४३ आणि शेवटाला ५५ मिलिमीटर रुंद, ४५० मिलिमीटर लांब असा पत्रा अडीचशे ग्रॅमच्या थोडा वर भरतो. गिटारचं डोकं तेवढं जड होतं. उभं राहून वाजवणाऱ्याला ते जाणवतं, तुम्ही भजनाला मांडी घालून बसणार, तुम्हाला अडचण येऊ नये.

चिकटवण्याआधी ट्रस रॉड, म्हणजे मानेतली तिचा वाक बदलणारी लोखंडी सळई, असेल तर मान अगदी सरळ करून घ्या. पत्रा एकदा बसला की मान इतकी ताठ होते की रॉड फिरवून फारसं काही हलत नाही. तारा चढल्यावर केसभर कमान आपोआप येते आणि तेवढी हवीच, तारेला झुलायला जागा लागते.

आणि पावसात चिकटवू नका. माझी पहिली पोलादी पाटी मी जुलैत बसवली, पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या गोंदाने. जुलैत सगळं छान होतं, पत्र्याची कड आणि लाकडाची कड बोट फिरवलं तर कळू नये इतकी एकसारखी. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लाकूड हवेतलं पाणी पिऊन आडवं फुगलेलं असतं. मार्चमध्ये ते सुकलं, दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर आत गेलं, पत्रा जागच्या जागी राहिला. ज्याची गिटार होती त्याच्या तळहाताला खालून वर सरकताना पत्र्याच्या कडेने कापलं. एका कोपऱ्यात गोंदही सुटला होता, कारण झटपट गोंद काचेसारखा ठिसूळ असतो आणि लाकडाच्या हालचालीबरोबर जात नाही. तेव्हापासून मी पत्रा लाकडापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर अरुंद कापतो, वरच्या कडा कानसेने तिरक्या मारतो, आणि हे काम दिवाळीनंतरच करतो.

गोंद सावकाश घट्ट होणारा अराल्डाइट. पत्र्याची खालची बाजू ८० नंबरच्या पेपरने आडवी-उभी खरवडायची, ॲसिटोनने पुसायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे गोंद धरत नाही. गोंद दोन्हीकडे पातळ पसरायचा, वर मेणकागद, त्यावर सरळ लोखंडी पट्टी, आणि क्लॅम्प. क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळू नका, सगळा गोंद बाहेर येऊन मध्ये कोरडं राहतं. चोवीस तास हात लावायचा नाही. आणि तयार झालेली गिटार एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत कधीही ठेवू नका. त्या उकाड्यात गोंद मऊ पडतो आणि पत्रा सरकतो.

वरची बाजू ४००, ८००, १२००, २००० अशा क्रमाने, नेहमी लांबीच्या दिशेने, सपाट लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा. बफिंगच्या चाकावर देऊ नका. आरसा दिसतो सुंदर, पण चाक जागोजागी उथळ खड्डे पाडतं. शिवाय आरशासारख्या पाटीवर दमट दिवसांत बोट चिकटतं, लांबीच्या बारीक रेघा राहिलेल्या पाटीवर ते सरकतं. सतारवादक तेलात भिजवलेला कापूस जवळ ठेवतात, तसा खोबरेल तेलाचा बोळा तुम्हीही ठेवा.

नटावर बहुतेक जण चुकतात. फ्रेटसाठी कापलेल्या खाचा बिनपडद्याच्या गिटारला फार उंच असतात. नटाजवळ तार पाटीपासून फक्त कागदाच्या एक-दोन घड्यांइतकी वर हवी. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. तो तारेखालून अडखळत सरकला पाहिजे, दोन घड्या अडकल्या पाहिजेत. बाराव्या फ्रेटच्या जागी दीड ते दोन मिलिमीटर. तार जितकी जवळ तितकं कमी दाबावं लागतं, आणि जितकं कमी दाबाल तितका मऊ पेराचा पसारा कमी.

तारा ०.०१२ इंचाच्या संचातल्या घ्या, त्याहून बारीक नको. शक्य असेल तर सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, म्हणजे मींडेत 'सुर्रर्र' असा आवाज येत नाही. तुमची गिटार नायलॉन तारांची असती तर तिला स्टील लावू नका म्हटलं असतं. स्टीलचा संच सत्तर किलोच्या वर ओढतो, नायलॉनचा चाळिसाच्या आसपास, आणि असा ब्रिज उखडून आलेल्या गिटारी माझ्याकडे दरवर्षी येतात.

वरच्या दोन मुक्या तारांचं काय? त्यांना बोलायला लावू नका, त्या मोकळ्या ठेवा. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवून डी ए डी जी ए डी अशी लावा. पेटीची पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरला तर खालून वर सा, प, सा, म, प, सा अशा तारा मिळतात. वरच्या प आणि सा सतारीवरच्या चिकारीच्या मोकळ्या तारांसारख्या अधूनमधून छेडायच्या. राग किंवा भजनाची चाल चौथ्या तारेवर, तिथली गुंडाळलेली तार सगळ्यात जास्त आस देते. खालचं काही हवं तर पाचवी आणि सहावी. काळी एकमध्ये गायक असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली.

छेडायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी नको. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो, आणि करटी आपल्या घरात रोज निघते. जुन्या, पूर्ण पिकलेल्या नारळाची घ्या. कोवळ्या नारळाची पातळ असते आणि तडकते. बाहेरचा काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडून काढा, खाली काळपट चकाकणारी त्वचा लागेल. हॅकसॉ ब्लेडने दोन बोटं उंचीचा त्रिकोण कापा. टोक कानसेने दीड मिलिमीटरपर्यंत पातळ करा, मग पॉलिश पेपर, मग खोबरेल तेलात रात्रभर. धरायच्या बाजूला सुती दोरा गुंडाळून वर मेण. आतली खोलगट बाजू तर्जनीवर बसते. छेड ब्रिजच्या जवळ, एका चिमटीच्या अंतरावर द्या. तिथे तीव्र कंपनं जास्त असतात, आणि बोट नेमकी तीच खातं, म्हणून ती आधीच जास्त पुरवायची.

आता सूर. याच भागासाठी मी ही गिटार बांधतो. तुमच्या जुन्या खाचांच्या रेघा बघून वाजवत असाल तर ती सवय सोडा. पत्रा बसला की त्या झाकल्याच जातील, आणि बरं होईल. फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. आपले शुद्ध स्वर त्या भागांवर बसत नाहीत. तार नटापासून ब्रिजपर्यंत ६५० मिलिमीटर धरून आकडे सांगतो, तुमची मोजून बघा. चौथा फ्रेट नटापासून १३४ मिलिमीटरवर असतो. शुद्ध गंधार म्हणजे मूळ स्वराच्या ५/४, त्याची जागा १३० वर. चार मिलिमीटरांचा फरक! कोमल गंधाराचा फ्रेट १०३.४ वर, खरी जागा १०८.३ वर. धैवताचा फ्रेट २६३.५, खरी जागा २६०. पंचम आणि मध्यम मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जुळतात, म्हणून फ्रेटची गिटार प आणि म वर गोड लागते आणि ग वर कानाला टोचते.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, कारण तार स्वतः जागा दाखवते. मोकळ्या चौथ्या तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. बोट नटापासून ब्रिजकडे मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत न्या. तारेच्या बरोबर पाचव्या भागावर, १३० मिलिमीटरवर, घंटेसारखा बारीक स्वर उमटेल. तो गंधार आहे, दोन सप्तकं वरचा. तंबोरा नीट जुळला की खर्जातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तोच. आता त्याच जागी तार पाटीवर दाबा आणि छेडा. तारेचे ४/५ उरले, म्हणजे वाजला शुद्ध गंधार. टेकवलं तरी गंधार, दाबलं तरी गंधार, एकाच बिंदूवर. पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी तासभर फक्त तेवढंच करत बसलो होतो.

तिसऱ्या भागावर, २१६.७ वर, टेकवलं तरी पंचम आणि दाबलं तरी पंचम. चौथ्या भागावर, १६२.५ वर, टेकवल्यावर षड्ज येतो आणि दाबल्यावर मध्यम. सहाव्या भागावर टेकवल्यावर पंचम, दाबल्यावर कोमल गंधार. दोन पंचमांशावर, २६० वर, टेकवल्यावर गंधार आणि दाबल्यावर धैवत. रिषभ नवव्या भागावर, ७२ च्या थोडा पुढे. तिथला बारीक स्वर क्षीण असतो, पण शांत खोलीत ऐकू येतो. या जागांवर मानेच्या कडेला, तुमच्या डोळ्यांकडच्या बाजूला, करटीचे मोहरीएवढे ठिपके बसवा. पत्र्यावर काही कोरू नका. दाबताना ताण किंचित वाढून सूर केसभर चढतो, म्हणून बोट ठिपक्याच्या अगदी किंचित नटाकडे ठेवावं लागतं. किती, ते कान सांगेल. वरून तिरकं बघून अंदाज घ्याल तर फसाल. तारेच्या मधल्या भागात १ मिलिमीटर चुकलात तर अर्ध्या स्वराचा विसावा भाग कणसूर होतो, आणि तंबोऱ्यासमोर तो ऐकू येतो.

इथे तुमच्या भजनी मंडळाची एक अडचण येणार आहे. पेटी बारा समान भागांत जुळवलेली असते. तिच्या गंधारासमोर तुमचा शुद्ध गंधार अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाने उतरलेला असेल आणि दोन्ही एकदम वाजले की लाटा येतील. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी ठेवली होती, त्यात हेही एक कारण होतं, आणि पेटीला मींड येत नाही हे दुसरं. मी बंदीच्या बाजूचा नाही, आपली भजनं पेटीशिवाय मला कल्पनेतही ऐकू येत नाहीत. पण साथ करताना निर्णय घ्यावा लागतो. पेटी सोबत असेल तेव्हा गंधार-धैवतावर थांबू नका, तिथून मींडेने सरकत जा आणि थांबायचं तर सा किंवा प वर थांबा. गायक एकटा आलाप घेत असेल, पेटी फक्त सूर धरून असेल, तेव्हा तुमचा गंधार मनसोक्त लावा.

डावा हात. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं थोडी वाढवा, पेराच्या टोकाबरोबर येतील इतकी. तार नख आणि मांस जिथे मिळतात त्या रेघेवर घ्यायची, नखाचा भार जास्त. सुरुवातीला तार नखावरून निसटेल, दुसऱ्या आठवड्यात नखाला चर पडेल. चर पडला की बारीक पेपरने रोज घासून गुळगुळीत करा. सरोदियेही हेच करतात. नखाचा दुसरा फायदा अचूकपणाचा. पेर सेंटिमीटरभर रुंद, सूर त्यात कुठेही हरवतो, नखाची कड एका मिलिमीटरची. फ्रेटच्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय असते, इथे नख बरोबर स्वराच्या जागेवर. पहिले काही दिवस सगळं उतरलेलं वाजेल, त्याचं कारण ही सवय.

आंदोलन व्हायोलिनसारखं, तारेच्या लांबीत बोट पुढेमागे डोलवून. आडवी तार ओढू नका, पत्र्यावर तार घासून किरकिरते. कॉर्ड जवळजवळ विसरा. तीन बोटं तीन नेमक्या जागी एकाच वेळी बसवणं फार थोड्यांना साधतं, आणि मऊ पेरांखाली तिन्ही स्वर लगेच विझतात. दोन तारांवर एकच बोट आडवं टाकून षड्ज-पंचम घ्या, तो भरदार वाजतो.

ऐकायचं काय? गिटारवादक नंतर. आधी केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, या दोन गायिका. दोघी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, दोघींच्या स्वरातली एकमेकांत गुंफलेली वळणं बोटाने उचलायचा प्रयत्न करा. एका ओळीत दोन स्वरांमधला प्रवास किती वेळ घेतो, कुठे सावकाश आणि कुठे घाईने, ते मोजा. तुमच्या पाटीवर आता पायऱ्या नाहीत, त्यामुळे तो प्रवासच तुमचं वादन आहे.

पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारं यंत्र, लावणार असाल तर आवाजाच्या भोकात बसणारा चुंबकी पिकअप पुरेल. पत्रा बारीक तारेने पिकअपच्या अर्थला जोडा, नाहीतर तार टेकते-सुटते तेव्हा स्पीकरमध्ये खरखर येते. जत्रेच्या मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर एक काळजी घ्या. अर्थिंग बिघडलेलं असेल तर एका हातात गिटार आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, आणि तुमच्या हाताखाली अख्खा पत्रा आहे. साउंडवाल्याला आधी टेस्टर लावून बघायला सांगा, आणि तो बघेपर्यंत गिटार जोडू नका.

सध्या पाऊस आहे, म्हणजे पत्र्याला अजून वेळ आहे. तोवर एवढं करा: खाचा नीट भरा, पाटी सपाट करा, वर सनमायकाचा तुकडा कच्चा चिकटवा, नटाच्या खाचा थोड्याच खाली आणा, कारण पत्रा सनमायकापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आहे. चौथ्या तारेवर रोज अर्धा तास, मोबाइलवर पांढरी दोनचा तंबोरा लावून, फक्त सा, ग आणि प. आधी बोट टेकवून शोधा, मग दाबा. चवथीपर्यंत तीन स्वर न बघता सापडायला लागले तर दिवाळीनंतर ६५० मिलिमीटरवाले सगळे आकडे तुमच्या तारेच्या मापाने पुन्हा काढा आणि पत्रा कापायला द्या.